ट्रॅक्टरला हाय की ओ: दोन क्लचच्या गिअरबॉक्सची गोष्ट

[दृश्य: कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, सकाळ. अर्धं वर केलेलं शटर. आत लेथ सुरू.]

“ड्युअल क्लच?” मिस्त्रींनी चिंधीला हात पुसत विचारलं. “त्यात काय नवीन? ट्रॅक्टरला हाय की ओ.”

चित्रीकरणाचा पहिला दिवस, आणि पहिल्याच वाक्याला आमची लिहून आणलेली सुरुवात गेली. मिस्त्री खोटं बोलत नव्हते. आमच्या जिल्ह्यात ड्युअल क्लच म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर फेरारी येत नाही. पेडल अर्धं दाबलं की ट्रॅक्टरची चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की मागचा पीटीओ, म्हणजे अवजारं फिरवणारा शाफ्टही थांबतो. ट्रॅक्टर जागेवर उभा करून रोटाव्हेटर फिरता ठेवायचा असेल तर हीच सोय लागते. तिथं दोन क्लच असतात आणि दोघांची कामं वेगळी.

वेगवान गाड्यांत मात्र दोघांचं काम एकच. ते त्यांनी आळीपाळीनं करायचं, आणि मध्ये कुणी दम खायचा नाही.

[दृश्य: टेबलावर उघडून ठेवलेला गिअरबॉक्स. अगदी जवळून.]

हा गिअरबॉक्स अपघातात गेलेल्या एका गाडीतून काढलाय. तेल अजून निथळतंय. लहान ताटाएवढी बाहेरची कडी आणि तिच्या पोटात बसलेली आतली कडी, हे दोन क्लच. प्रत्येकात पातळ चकत्यांची चवड आहे, एक पोलादी, एक अस्तर लावलेली, पुन्हा एक पोलादी. मिस्त्रींनी मधला शाफ्ट बोटानं फिरवला. तो फिरला, पण त्याच्यावर नळीसारखा चढवलेला दुसरा शाफ्ट जागचा हलला नाही. मग त्यांनी नळी फिरवली, तर आतला शाफ्ट स्थिर. दोन-तीनदा त्यांनी हा खेळ केला. नंतर बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. उद्यमनगरात एवढी शांतता म्हणजे पसंतीची पावती.

आतल्या शाफ्टवर एक, तीन, पाच हे विषम गिअर. नळीवर दोन, चार, सहा. गाडी तिसऱ्यात पळत असताना चौथा गिअर आधीच पडलेला असतो, फक्त त्याचा क्लच उघडा असतो. वेळ आली की एक क्लच सुटत जातो, दुसरा धरत जातो. गिअर असा बदलतच नाही. आधीच बदललेल्या गिअरकडं ताकद सोपवली जाते. खासबागेत पैलवान एका हातानं पट धरतो तेव्हा त्याचा दुसरा हात पुढच्या डावाच्या जागेवर पोचलेला असतो, तसंच हे.

पण पुढचा डाव कुठला, हे ठरवतो संगणक. अंदाज चुकला की सगळी ऐट उतरते. तुम्ही तिसऱ्यात वेग वाढवताय म्हणून त्यानं चौथा तयार ठेवला, आणि पुढं अचानक म्हैस आली. आता तुम्हाला हवा दुसरा. दुसरा आणि चौथा एकाच नळीवर, म्हणून आधी चौथा काढा, मग दुसरा टाका. गाडी तेवढ्यापुरती अडखळते. जाहिरातीतले मिलिसेकंद मोजले जातात ते अंदाज बरोबर आला तेव्हाचे. म्हशीच्या वेळचे कुणी छापत नाही.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. पट्ट्यांवर चालणारी मोटार.]

ही कल्पना कुणाची? आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याची. रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळायला हा माणूस होता. बर्फात गाड्या रुतायच्या, म्हणून त्यानं मागच्या चाकांच्या जागी पट्टे बसवले. त्याच पट्ट्यांवर पुढं सित्रोएनच्या गाड्यांनी सहारा ओलांडला. म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स ज्याच्या डोक्यातून निघाला तो मुळात चिखल-बर्फातून गाडी काढणारा माणूस. मिस्त्रींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग ट्रॅक्टरवालाच की.” १९३० च्या दशकाच्या शेवटी त्यानं ही रचना मांडली, पण युद्ध आलं, आणि १९४३ मध्ये केग्रेस गेला. कल्पना कागदावर राहिली.

इथं जरा आडवाट. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बाहेर पडते आणि अर्धं कोल्हापूर तिच्यासाठी दसरा चौकात माना उंचावून उभं असतं. मेबॅक कंपनीच्या १९३४ च्या एका मॉडेलचं नावच होतं डब्ल्यू ६ डीएसजी. त्यातलं डीएसजी म्हणजे डोपेलश्नेलगांग, दुहेरी वेगवान गिअर. पुढचा गिअर स्टिअरिंगवरच्या छोट्या दांड्यांनी आधी निवडून ठेवायचा, आणि मग इंजिनानं ओढलेल्या हवेच्या निर्वातावर तो बदलायचा. क्लच दोन नव्हते, पण ‘पुढचा गिअर आधीच ठरवून ठेवा’ हे डोकं तेव्हाही चाललेलं. फोक्सवॅगनचं दोन क्लचचं डीएसजी त्यानंतर सत्तर वर्षांनी आलं. अक्षरं तीच, अर्थ वेगळा: डिरेक्टशाल्टगेट्रीबे, म्हणजे थेट बदलणारा गिअरबॉक्स. हे नाव मी चार वेळा रेकॉर्ड केलं आणि चारही वेळा आमचा कॅमेरामन हसला.

[दृश्य: शर्यतीचा ट्रॅक.]

कागदावरची ती कल्पना रस्त्यावर आणायला पोर्शेला गरज पडली ती टर्बोमुळं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यामुळं. साध्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागतो. पाय उचलला की टर्बोचा दाब पडतो, आणि तो पुन्हा चढेपर्यंत वाट बघत बसायचं. दोन क्लच असले तर पाय दाबलेलाच राहतो. १९८० च्या दशकात पोर्शेनं आपल्या ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत पीडीके हा आपला दोन क्लचचा गिअरबॉक्स बसवून पाहिला. वजन जास्त, कटकटी अनेक, चालक वैतागलेले. तरी १९८६ मध्ये मोंझाला हान्स-योआकिम स्टुक आणि डेरेक बेल यांनी पीडीकेवाली ९६२ जिंकून आणली.

आणि मग पोर्शे थांबली. रस्त्यावरच्या ९११ मध्ये पीडीके यायला २००८ उजाडलं. तेवढ्यात फोक्सवॅगन पुढं निघून गेली होती. दुकानातून विकत घेता येणारी, दोन क्लचची पहिली गाडी म्हणजे २००३ ची गोल्फ आर ३२. शर्यतीतलं यंत्र सर्वांत आधी हाती लागलं ते हॅचबॅक घेणाऱ्याच्या, फेरारीवाल्याच्या नव्हे. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत आवडते.

पण पोर्शेनं उशिरा आणलं ते नीट आणलं. सात गिअर, त्यातला सातवा निव्वळ पेट्रोल वाचवायला; सर्वोच्च वेग सहाव्यातच गाठायचा. बांधणी झेडएफ या जर्मन कंपनीकडची. पुढं २०१३ ची ९११ जीटी ३ त्यांनी फक्त पीडीकेत काढली. गाडी आधीपेक्षा वेगवान झाली, आणि तरी तिचे जुने भक्त रुसले, कारण हातानं गिअर टाकायचा आनंद गेला. २०१७ मध्ये जीटी ३ ला हाताचा गिअर परत द्यावा लागला. त्याच गाडीच्या पीडीकेत एक गंमत होती: स्टिअरिंगमागचे दोन्ही खटके एकदम ओढले की दोन्ही क्लच उघडतात, सोडले की धरतात. म्हणजे क्लचचं पेडल काढून टाकलं आणि त्याची आठवण बोटांत ठेवली.

फेरारीनं असली मनधरणी केली नाही. २००८ च्या कॅलिफोर्निया या गाडीत गेट्राग कंपनीनं बनवलेला सात गिअरचा ड्युअल क्लच आला, आणि पुढच्या वर्षी ४५८ इटालिया आली ती हाताच्या गिअरशिवायच. पर्याय नाही, चर्चा नाही. पुढं २०१९ च्या एसएफ ९० मध्ये त्यांनी रिव्हर्स गिअरच काढून टाकला. तिला विजेच्या मोटारी आहेत, मागं घ्यायचं काम त्या करतात. गिअरबॉक्समधली तेवढी दातेरी चाकं वाचली, वजन वाचलं.

“आनि ब्याटरी उतरली की?” मिस्त्रींनी विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

निसाननं २००७ च्या जीटी-आरमध्ये अख्खा गिअरबॉक्स उचलून मागच्या चाकांजवळ नेला, पुढच्या-मागच्या वजनाचा तोल साधायला. बुगाटीनं २००५ च्या व्हेरॉनसाठी इंग्लंडच्या रिकार्डो कंपनीकडून सात गिअरचा गिअरबॉक्स करून घेतला; त्याला १,२५० न्यूटन मीटरचा पीळ सोसायचा होता. या आकड्याकडं पुन्हा येऊ.

लॅम्बोर्गिनी मात्र आपल्या १२ सिलिंडरच्या गाड्यांत हटून बसली. २०११ ची अव्हेंटाडोर त्यांनी एकाच क्लचवर काढली. गिअर ५० मिलिसेकंदांत बदलतो म्हणायचे, वजन कमी, जागा कमी. सगळं खरं, फक्त प्रत्येक गिअरला मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका बसायचा. काहींना तो हिसकाच आवडायचा, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. बुलेटची धडधड आवडणारं आमचं गाव आहे. शेवटी २०२३ च्या रेव्हुएल्टोत तिथंही आठ गिअरचा ड्युअल क्लच आलाच.

बीएमडब्ल्यूचा प्रवास नेमका उलटा. २००८ मध्ये एम ३ ला सात गिअरचा ड्युअल क्लच दिला, लोकांनी डोक्यावर घेतला. आणि २०१७ मध्ये नवी एम ५ दाखवली ती टॉर्क कन्व्हर्टरच्या साध्या ऑटोमॅटिकवर! पुढं एम ३ सुद्धा त्याच वाटेनं गेली. अनेकांनी याला माघार म्हटलं. मला ती शहाणपणाची वाटते. टॉर्क कन्व्हर्टर दरम्यान इतका चपळ झाला होता की वेगातला फरक स्टॉपवॉचलाच कळावा. आणि सावकाश चालताना त्याच्यात तेलातून ताकद जाते, घासायला काही नसतं.

[दृश्य: स्टिअरिंगमागचा खटका, जवळून.]

मॅक्लारेनबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती मिस्त्रींसाठी राखून ठेवली होती. २०११ च्या एमपी ४-१२ सी मध्ये खटका अर्धा ओढला की गिअरबॉक्स समजतो की आता बदल येणार, आणि पुढचा गिअर तयार करून बसतो. पूर्ण ओढला की बदल. म्हणजे अंदाजाचं काम संगणकाकडून थोडं चालकाच्या बोटाकडं आलं.

मिस्त्री क्षणभर बघत राहिले. “अर्धं दाबलं की एक, पुरं दाबलं की एक,” ते म्हणाले. “आता काय सांगू तुम्हाला?”

स्वीडनच्या कोनिगसेगनं येस्को या गाडीत नऊ गिअरना सात क्लच लावलेत हे मी त्यांना सांगितलंच नाही.

[दृश्य: जोतिबाच्या वाटेवरची गाड्यांची रांग. गुलाल.]

आता घरची गोष्ट. माझ्या गाडीतही ड्युअल क्लच आहे. कंपनी कुठली ते राहू दे. चैत्र यात्रेच्या आदल्या दिवशी वाडी रत्नागिरीच्या चढावर आम्ही सापडलो. पुढं ट्रक, मागं टेम्पो, सगळीकडं “चांगभलं”. गाडी दोन हात सरकायची, थांबायची. तासाभरात जळक्या अस्तराचा वास आला. मागून बाबा म्हणाले, “कुणाची तरी क्लचप्लेट जळतीया रं.” तेवढ्यात समोर लाल अक्षरं उमटली: गिअरबॉक्स गरम झालाय, गाडी सुरक्षित जागी उभी करा. कुणाची तरी म्हणजे आमचीच. अर्धा तास बॉनेट उघडून बसलो. काचेवर बोटभर गुलाल.

झालं असं की, क्लच दोन असोत की सात, चढावर मुंगीच्या पावलानं जाताना गाडी हाफ क्लचवरच असते. पेडल नसल्यामुळं ते आपल्या पायाला कळत नाही. मॅन्युअल गाडीत पाय दुखतो म्हणून आपण गिअर काढून हँडब्रेक लावतो. इथं कुणाचाच पाय दुखत नाही, म्हणून यंत्र घासत राहतं.

माझ्या गाडीतले क्लच कोरडे आहेत. टेबलावरचे तेलात बुडालेले. सगळा फरक तिथं आहे. तेल उष्णता वाहून नेतं, पण ते फिरवत ठेवायला थोडी ताकद जाते. कोरड्यात ती वाचते, मायलेज मिळतं, पण उष्णतेला बाहेर पडायला हवेशिवाय वाट नाही. फोक्सवॅगनचा सहा गिअरचा ओला डीक्यू २५० साडेतीनशे न्यूटन मीटरपर्यंत झेलतो, सात गिअरचा कोरडा डीक्यू २०० अडीचशेपर्यंत. आणि व्हेरॉनचे १,२५० आठवतात ना? वर नावं घेतलेल्या दोन क्लचच्या वेगवान गाड्यांचे क्लच तेलातच असतात. आपल्याकडं २०२२ मध्ये टाटानं अल्ट्रोझसारख्या लहान गाडीतही ओला क्लच दिला, तेव्हा मला बरं वाटलं. घाटातल्या रांगेचा विचार कुणीतरी केला असावा.

गाडी बघायला जाल तेव्हा शोरूमवाला तुम्हाला हायवेवर नेईल. तुम्ही त्याला शनिवारी संध्याकाळी महाद्वार रोडच्या गर्दीत न्या.

[दृश्य: कागलच्या बाजूचा रस्ता, संध्याकाळ. कारखान्याकडं निघालेला ऊस.]

परत येताना आम्ही ट्रॅक्टरमागं अडकलो. दोन ट्रॉल्या, कडेला लोंबणारी वाढी, टेपवर मोठ्या आवाजात लावणी. ओव्हरटेकला जागा नाही. तो पहिल्यात कुरकुरत चाललेला, मी त्याच्यामागं हात-दोन हात सरकत. कॅमेरामन म्हणाला, “दोघांनाही ड्युअल क्लचच की.” मी न्यूट्रल टाकला, हँडब्रेक ओढला आणि पुढं वीस-पंचवीस फूट मोकळे होईपर्यंत थांबलो. मागच्यानं हॉर्न वाजवला. वाजवू दे.

पुढचा ट्रॅक्टरवाला वळून हसला आणि त्यानं मागं एक ऊस फेकला. तो बॉनेटवर पडला.