पत्र्यापासून सुरुवात: डॅटसन २४०झेडची देखभाल

[दृश्य: घरामागचं गॅरेज. केशरी रंगाची डॅटसन २४०झेड, बॉनेट उघडं.]

या गाडीचं इंजिन सहजासहजी दगा देत नाही. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलेली २४०झेडसुद्धा नवी बॅटरी, ताजं पेट्रोल आणि साफ केलेले कार्बोरेटर मिळाले की बहुतेक वेळा सुरू होते. घेणारा फसतो तो तिथेच. सहा सिलिंडरांचा तो भरदार आवाज कानावर पडला की गाडीखाली वाकून बघायचं राहून जातं. मग पैसे इंजिनावर खर्च होतात, आणि खाली पत्रा सडत राहतो.

जपानमध्ये निसाननं ही गाडी १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये आणली. तिथे तिचं नाव फेअरलेडी झेड. अमेरिकेत ती डॅटसन या निसानच्याच ब्रँडखाली २४०झेड म्हणून गेली, सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर. अमेरिकेतला कारभार सांभाळणारे युताका कातायामा, ज्यांना झेडवाले आजही ‘मिस्टर के’ म्हणतात, त्यांना अशी स्पोर्ट्स कार हवी होती जी साध्या पगारदारालाही घेता येईल आणि रोज चालवता येईल. बॉनेटखाली एल-२४ इंजिन: २,३९३ सीसी, सरळ रांगेत सहा सिलिंडर, वर एक कॅमशाफ्ट, बाजूला हिताचीचे दोन कार्बोरेटर. याच सांगाड्यावर पुढे २६०झेड आणि २८०झेड आल्या. १९७८ पर्यंत तिन्ही मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यातल्या बऱ्याचशा गंजानं खाल्ल्या.

[दृश्य: बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. खालचा ट्रे, कडांना पांढरट पूड.]

गंजाची पहिली जागा ही. बॅटरी बॉनेटखालीच पार मागे, केबिनच्या भिंतीला लागून बसते. जुन्या बॅटरीतून ॲसिड पाझरायचं, ते ट्रे खायचं, आणि ट्रेला भोक पडलं की थेंब थेट खालच्या फ्रेम रेलवर. म्हणजे वरून दिसतो तो खराब झालेला ट्रे, पण पोखरली जाते ती गाडीचं वजन पेलणारी तुळई. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. रेल गेली, तर रंग कितीही चकचकीत असो, गाडीचा कणा गेला.

दुसरी जागा शोधायला जरा मेहनत पडते. काचेखालच्या जाळीतून पावसाचं पाणी आत जातं आणि दोन्ही बाजूंनी पुढच्या मडगार्डच्या आत उतरतं. तिथे पानं आणि माती साठून चिखल होतो. तो महिनोन् महिने ओला राहतो आणि दाराखालचा उंबरा आतून सडवतो. हा उंबरा दुहेरी पत्र्याचा आहे. बाहेरच्या पत्र्यावर रंगाचा एखादा फुगवटा दिसला, तर आतला पत्रा केव्हाच गेलेला असतो. मग तळाचा पत्रा, मागच्या चाकापुढचा कोपरा, डिकीच्या दाराची खालची कड. अमेरिकेत जिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाड्यांचं तर विचारूच नका. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनातली कोरड्या हवेतली गाडी लोक म्हणूनच शोधत असतात. उन्हानं तिचा डॅशबोर्ड तडकलेला असतो, पण तडकलेला डॅशबोर्ड चालतो.

[दृश्य: फडक्यात गुंडाळलेलं चुंबक दाराखालून फिरतंय.]

गाडी बघायला जाताना खिशात एक चुंबक ठेवा. फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुटी आहे. दुसरी परीक्षा जॅकची. दार बंद करा, दार आणि बॉडी यांच्यातली फट नीट बघून घ्या, मग त्या बाजूनं गाडी उचला. फट कमी-जास्त झाली, दार अडकायला लागलं, तर गाडी मधून वाकते आहे. अशी गाडी इंजिनाच्या आवाजावर भाळून घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीचा रस्ता एकच. सडलेला भाग कापायचा, निरोगी धातू लागेपर्यंत कापायचा, आणि तिथे नवा पत्रा वेल्ड करायचा. पण कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार ठोकून घ्यावा लागतो. नाहीतर उंबरा काढताच गाडी जराशी बसते, आणि नवा पत्रा त्या वाकड्या मापावरच कायमचा जोडला जातो. वेल्डिंगही सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा, नाहीतर तो लाटांसारखा वेडावाकडा होतो. शेवटी पोकळ भागांच्या आत मेणाचा फवारा. पत्र्याच्या या सगळ्या कामालाच सर्वात जास्त वेळ लागतो, आणि तयार गाडीत ते कुणालाच दिसत नाही. म्हणूनच ते टाळलं जातं. पुटी भरून, वर रंग मारून गाडी विकणाऱ्यांनी जेवढ्या झेड संपवल्या, तेवढ्या अपघातांनीही संपवल्या नसतील.

[दृश्य: रॉकर कव्हर काढलेलं. कॅमशाफ्ट, ओळीत बारा रॉकर.]

आता इंजिन. टॅपेटचं काम, म्हणजे कॅमशाफ्ट आणि रॉकर यांच्यातली फट जुळवणं, घरच्या घरी होतं. एक १७ चा पाना, एक १४ चा, आणि फट मोजायची पातळ पानांची फिलर गेज. थंड इंजिनावर इनटेकला ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२५. बारा व्हॉल्व्ह, बारा वेळा तेच काम. पान फटीत सरकताना हाताला किंचित ओढ लागली पाहिजे.

इंजिनाचं वरचं हेड उतरवायचं असेल तर मात्र आधी लाकडाची एक पाचर तासून घ्या. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंग चेनला एका बाजूनं टेन्शनर दाबून धरतो. वरचं चक्र काढताच चेन सैल पडते आणि टेन्शनरचा दट्ट्या बाहेर उडतो. तो परत बसवायला इंजिनाचं अख्खं पुढचं कव्हर उतरवावं लागतं. तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं. म्हणून चेनच्या दोन बाजूंमध्ये वरून ही पाचर घट्ट ठोकतात, आणि काम झाल्यावर ओढून काढता यावी म्हणून तिला दोरी बांधतात. अशी पाचर झेडच्या अनुभवी मेकॅनिकच्या पेटीत हमखास सापडते.

[दृश्य: कार्बोरेटरचं घुमटासारखं झाकण उचललं जातंय. आत चकचकीत पिस्टन.]

हवेत पेट्रोल मिसळणारे हे हिताचीचे कार्बोरेटर ब्रिटिश एसयू कंपनीच्या पद्धतीचे. १९५२ मध्ये निसाननं ब्रिटनच्या ऑस्टिनशी करार केला आणि परवान्यावर त्यांच्या गाड्या जपानमध्ये बांधल्या. निसानच्या अभियंत्यांचा हात अशाच ब्रिटिश यंत्रांवर बसला. आपल्या अँबॅसिडरचं १,४८९ सीसीचं इंजिनही मूळचं त्याच घराण्यातलं. जुन्या अँबॅसिडरवर हात काळे केलेल्या मिस्त्रीला हा कार्बोरेटर परका वाटणार नाही.

त्याचं काम डोळ्यांनी दिसतं, हे मला फार आवडतं. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या तळाशी एक निमुळती सुई आहे, ती जेटमध्ये उतरलेली असते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो, फट वाढते, पेट्रोल जास्त मिळतं. झाकणाच्या मधोमध तेलाची नळी. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर पिस्टननं उसळी मारू नये, म्हणून हे तेल त्याला थोपवून धरतं. तेल संपलं की गाडी पिकअप घेताना अडखळते, आणि लोक इग्निशनमध्ये दोष शोधत बसतात. आधी ते छोटं टोपण उघडून तेल बघा. मग पिस्टन बोटानं उचलून सोडा. खाली बसताना स्वच्छ ‘टक’ आवाज आला पाहिजे. नाही आला, तर सुई जेटला घासते आहे.

दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतात का, हे बघायला मीटर मिळतो. जुने लोक रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात. दोन्हींचा सूं-सूं आवाज एका पट्टीत येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. १९७३ च्या मॉडेलवर प्रदूषणाच्या नियमांपायी वेगळे, चपट्या झाकणाचे कार्बोरेटर आले. ते गरम इंजिनावर इतके त्रास देत की कित्येकांनी ते काढून जुने गोल घुमटवाले बसवले. माझंही मत त्यांच्याच बाजूनं.

[दृश्य: सफारी रॅलीची जुनी छायाचित्रं. चिखलानं माखलेली लाल-काळी २४०झेड.]

ही गाडी नाजूक नाही याचा पुरावा पूर्व आफ्रिकेत मिळाला. १९७१ ची सफारी रॅली २४०झेडनं जिंकली, एडगर हेरमान आणि हान्स शुलर या जोडीनं. १९७३ मध्ये पुन्हा २४०झेडच, आणि या वेळी स्टिअरिंगवर होते शेखर मेहता: युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना देशाबाहेर काढल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढे मेहतांनी सफारी आणखी चार वेळा जिंकली. १९७१ ची ती विजेती गाडी निसानच्याच कर्मचाऱ्यांच्या रिस्टोरेशन क्लबनं पुन्हा उभी केली आहे.

विजेचं काम थोडक्यात. हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. स्विच तापतो, संपर्क जळतात. दोन रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) बसवा, स्विच वाचतो आणि दिव्यांचा उजेडही वाढतो.

एक गोष्ट मात्र अजिबात पुढे ढकलू नका. गाडी पळताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि सायलेन्सरचा धूर मागच्या फटींतून केबिनमध्ये ओढला जातो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. डिकीच्या दाराचं रबर, मागच्या दिव्यांची गॅस्केटं, वायरी जातात तिथली रबरी बुचं, सगळी बदलायची. फटी शोधायला रात्री गॅरेजचे दिवे बंद करा, एकानं डिकीत बसून आतून टॉर्च फिरवायचा, दुसऱ्यानं बाहेरून बघायचं. जिथून उजेड येतो तिथून धूरही येतो.

[दृश्य: मागचं चाक काढलेलं. गंजलेली आडवी पिन, तिच्यावर पितळी हातोडा.]

आणि आता झेडवाले ज्या कामाला खरोखर घाबरतात ते. मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश बदलायचे तर ही लांब स्पिंडल पिन बाहेर यावी लागते, आणि पन्नास वर्षांच्या गंजानं ती आपल्या घरात रुतलेली असते. मधे एक छोटी कुलूप-पिन आहे. आधी ती काढायची. ती विसरून हातोडा चालवणाऱ्यांनी किती स्पिंडल वाकवले असतील! मग गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर थांबायचं, सकाळी गॅसच्या ज्योतीनं तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तेल. टोकाचे आटे चेंगरू नयेत म्हणून नट फिरवून ठेवायचा आणि ठोका त्या नटावर घ्यायचा. तरी हलली नाही तर अख्खा भाग वर्कशॉपच्या हायड्रॉलिक प्रेसवर न्यायचा.

नवी पिन बसवताना तिच्यावर आणि घराच्या आत अँटी-सीझ कंपाउंडचा, म्हणजे पिन पुन्हा रुतू न देणाऱ्या वंगणाचा, सढळ थर द्यायचा, कुलूप-पिन बसवायची, आणि शेवटचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात.