माप कुठून कुठपर्यंत? नाशिकच्या व्यापारी इमारती आणि सुगम्यतेचे नियम

(दृश्य : कॉलेज रोडवरील दुकानांची रांग, अर्धवट उघडलेली शटर, त्यांच्यासमोरच्या पायऱ्या.)

नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा महात्मा गांधी रस्त्यावर दुकानांच्या रांगेसमोर उभे राहिले, की रस्ता आणि दुकानाची फरशी यांच्यामध्ये अनेक ठिकाणी दोन-तीन पायऱ्या दिसतात. त्या कोणी हौसेने बांधलेल्या नाहीत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोत्याची उंची सभोवतालच्या जमिनीपासून किमान 450 मिलिमीटर असावी लागते, म्हणजे पावसाचे पाणी आणि जमिनीतली ओल आत येत नाही. एक पायरी 150 मिलिमीटरची धरली, तर या उंचीच्या नेमक्या तीन पायऱ्या होतात. व्हीलचेअरवर आलेला ग्राहक ज्या पायऱ्यांपाशी अडतो, त्या नियम पाळूनच उभ्या राहिलेल्या असतात.

पायऱ्यांच्या जोडीला रॅम्प द्यावा, हेही नियमातच आहे आणि त्याचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा, हेही. याचा अर्थ 450 मिलिमीटर चढण्यासाठी 5.4 मीटर लांबीचा रॅम्प हवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना खुर्ची वळवण्याइतकी सपाट जागा हवी. प्रत्यक्षात जागा उरते जेमतेम दोन मीटर. तेवढ्यात बसवलेल्या रॅम्पचा उतार 1:4 च्या आसपास जातो. त्यावरून दुचाकी चढते, पण स्वतःच्या हाताने चाके फिरवणारा माणूस चढू शकत नाही, आणि उतरताना तो तोंडावर पडण्याचीच शक्यता अधिक असते. नकाशावर मात्र ‘रॅम्प’ हा शब्द लिहिलेला असतो.

(दृश्य : वास्तुविशारदाच्या टेबलावर पसरलेला नकाशा, उभ्या छेदावर पेन्सिलीची खूण.)

नियमांचा अर्थ लावणे म्हणजे कलमांचा काथ्याकूट, असा समज आहे. व्यापारी इमारतीच्या बाबतीत बहुतेक वेळा प्रश्न अगदी साधा असतो : हे माप कुठून कुठपर्यंत घ्यायचे? जोत्याची उंची ‘सभोवतालच्या जमिनीपासून’ मोजायची, तर ती जमीन म्हणजे रस्त्याची कड, की इमारतीच्या पुढच्या मोकळ्या जागेची तयार पातळी? समोर सहा मीटर मोकळी जागा असेल आणि ती इमारतीकडून रस्त्याकडे 1:20 इतक्या सौम्य उताराने काढली, तर 300 मिलिमीटरचा फरक त्या अंगणातच जिरतो आणि दारापाशी फक्त 150 मिलिमीटर उरतात. त्यासाठी 1.8 मीटरचा रॅम्प पुरतो. पाणी रस्त्याकडेच वाहून जात असल्यामुळे जोत्याच्या नियमाचा हेतूही राखला जातो. परंतु हा विचार पहिल्या रेखाटनाच्या वेळी व्हावा लागतो. पार्किंगचे पट्टे आखून झाल्यावर त्याला जागा राहत नाही.

यासाठी एकच पुस्तक उघडून भागत नाही. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर 2020 पासून लागू झालेली एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत आधाराला आहे. तिच्या जोडीला भारतीय मानक ब्युरोची 2016 ची राष्ट्रीय इमारत संहिता येते. ही संहिता मुळात शिफारसवजा आहे. स्थानिक नियमावली तिच्याकडे जिथे बोट दाखवते, तिथे ती बंधनकारक होते. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आणि केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाची 2021 ची सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे यांनाही वगळता येत नाही.

या सर्वांच्या वर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 आहे, जो 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही या कायद्याच्या व्याख्येत ‘सार्वजनिक इमारत’ ठरते, आणि त्या व्याख्येत व्यापारी वापराचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे ‘आमचे संकुल खासगी आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. कलम 44 तर थेट परवानगीलाच हात घालते : सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी द्यायची नाही, आणि ते न पाळता उभ्या राहिलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवटा प्रमाणपत्रही द्यायचे नाही. एखादी स्थानिक तरतूद ठरावीक क्षेत्रफळाच्या वरच्या भूखंडांपुरती लिहिलेली असली, तरी कलम 44 मध्ये भूखंडाच्या आकाराची अट नाही. दोन नियमांत फरक दिसला की जो अधिक कडक तो धरावा, हा जुन्या अभियंत्यांचा शिरस्ता इथे उपयोगी पडतो; तो कायद्याने सांगितलेला नसला तरी पुढची बरीच भांडणे त्याने टळतात.

(दृश्य : गोदाघाट, नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती, मागे होळकर पूल.)

गोदाकाठी हा शिरस्ताही अपुरा पडतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की अवघे नाशिक एकच प्रश्न विचारते : पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले? कमरेच्या वर गेले, की सराफ बाजारातील आणि भांडी बाजारातील व्यापारी माल हलवायला लागतात. 2008 च्या महापुरानंतर इथल्या पूररेषांच्या आखणीला महत्त्व आले. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करायचे असेल, तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर घ्यावे लागते.

समजा, एखाद्या भूखंडावर लाल रेषेची पातळी जमिनीपासून 1.35 मीटर उंच आहे. तिथे जोते 1.8 मीटरवर जाईल. पायऱ्या बारा होतील, आणि 1:12 च्या उताराने रॅम्प 21.6 मीटरचा होईल. रॅम्पचा एक टप्पा नऊ मीटरपेक्षा लांब नसावा, म्हणून त्याचे तीन टप्पे आणि मध्ये दोन विसावे करावे लागतील. उंची एवढी वाढल्यावर 2021 ची मार्गदर्शक तत्त्वे तर याहून सौम्य उतार मागतात. जुन्या गावठाणातील चिंचोळ्या भूखंडावर एवढी लांबी दुमडून बसवली, तर दर्शनी भागात रॅम्पशिवाय दुसरे काही उरणार नाही. एक नियम इमारतीला वर उचलतो आणि दुसरा तिला जमिनीशी जोडायला सांगतो, आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे.

इथे खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा ठेवून लिफ्ट थेट जमिनीच्या पातळीवर आणणे, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. मात्र लिफ्टची विद्युत यंत्रणा पूरपातळीच्या वर ठेवावी लागते, आणि लिफ्टपर्यंतचा रस्ता उभ्या गाड्यांमधून काढता येत नाही, तो स्वतंत्र आखावा लागतो. पूर ओसरल्यावर लिफ्टच्या खड्ड्यातला गाळ काढण्याची सोयही तेव्हाच विचारात घेतलेली बरी.

(दृश्य : दाराच्या चौकटीवर धरलेली मोजपट्टी, जवळून.)

आता एक दार पाहू. नियम सांगतो की दाराची निव्वळ मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी. नकाशाच्या तक्त्यात ‘दार : 900’ असे लिहिले जाते, पण ते भिंतीतल्या खाचेचे माप असते. त्यात दोन्ही बाजूंना 65 मिलिमीटरची चौकट बसली, की 770 उरतात. दार काटकोनात उघडून उभे राहिले, की त्याची जाडीही त्यातून वजा होते. नेहमीची व्हीलचेअर त्यातून कशीबशी जाईलही, पण चाकावरच्या हाताची बोटे सोलवटतील. उंबरठ्याचे तेच. तो 12 मिलिमीटरपेक्षा उंच नसावा, हे माहीत असूनही आतली फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा जाड निघते आणि शेवटच्या दिवशी तिथे ग्रॅनाइटची पट्टी येते.

स्वच्छतागृहाची गोष्ट याहून बोलकी आहे. 1500 गुणिले 1750 मिलिमीटर हे माप आपल्याकडच्या नियमावल्यांतून वर्षानुवर्षे चालत आले आहे. व्हीलचेअर पूर्ण वळवायला 1500 मिलिमीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. त्या खोलीत कमोड आणि बेसिन बसवल्यावर हे वर्तुळ काढून पाहावे. ते बसत नाही. किमान माप पाळून बांधलेली खोली निरुपयोगी असू शकते, हे कागदावर दोन मिनिटांत सिद्ध होते. दार बाहेर उघडणारे हवे, ही अट मात्र अत्यंत शहाणपणाची आहे, कारण आत पडलेला माणूस आत उघडणारे दार स्वतःच्याच देहाने अडवतो.

माप घेण्यावरून किती गुंता होऊ शकतो, हे नाशिकला नव्याने सांगायला नको. सदनिकांमधील कपाटांचे क्षेत्र चटई क्षेत्र निर्देशांकात (भूखंडावर किती बांधकाम करता येते, त्या प्रमाणात) धरायचे की नाही, या एका प्रश्नावर शहरातील कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकून पडले होते.

(दृश्य : व्यापारी संकुलाचा जिना, वरच्या मजल्यावर उपाहारगृहाची पाटी.)

इमारतीत माणसे किती, हेही एक मापच आहे. संहितेच्या हिशेबाने 300 चौरस मीटरच्या कार्यालयात माणशी 10 चौरस मीटर धरून 30 माणसे होतात. त्याच जागेत उपाहारगृह आले, तर माणशी 1.8 चौरस मीटर धरून सुमारे 167 होतात. भिंती त्याच, जिना तोच, पण आग लागल्यावर त्याच्याकडे धावणारी माणसे जवळपास साडेपाचपट. अशा वेळी नेहमीची लिफ्ट वापरता येत नाही, म्हणून व्हीलचेअरवरील व्यक्तीला सुटकेची वाट पाहता येईल अशी धुरापासून सुरक्षित जागा जिन्यालगत लागते. आणि ती जिन्याच्या 1.5 मीटर रुंदीतून कापून घ्यायची नसते.

निकष सक्तीचे की सल्लावजा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राजीव रातुरी यांच्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल देताना न्यायालयाने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालील 2017 च्या नियमांमधील नियम 15 मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कलम 40 ला बंधनकारक मानके अपेक्षित असताना या नियमाने केवळ मार्गदर्शक तत्त्वे पुढे केली होती. जे कधीच टाळता येणार नाही असे किमान निकष वेगळे काढून ते सक्तीचे करावेत, असा आदेश केंद्र सरकारला देण्यात आला.

(दृश्य : दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाचे बंद दार, आत रचलेली खोकी.)

भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्यानंतर काय होते, यावर नियमांची पकड सैल आहे. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र इमारतीच्या मालकाला किंवा वापरकर्त्याला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावे लागते. रॅम्प, रुंद दार आणि स्वच्छतागृह यांच्यासाठी असे सहामाही प्रमाणपत्र नाही. म्हणून रॅम्पवर दुचाकी लागतात, स्वच्छतागृहात खोकी रचली जातात आणि त्याची किल्ली पहारेकऱ्याकडे असते. अग्निसुरक्षेच्या त्याच सहामाही पाहणीत आणखी एक तक्ता जोडून रॅम्पचा उतार, दाराची मोकळी रुंदी आणि किल्लीची जागा नोंदवायची ठरवली, तर त्यासाठी मोजपट्टी आणि अर्ध्या तासापलीकडे काही लागणार नाही.