किनाऱ्यावरच्या घरासाठी माईक घेताना

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय माईकबद्दल. मंडपातला, स्टेजवरचा तो मोठा प्रकार बाजूला ठेवूया, मी म्हणतोय टेबलावर ठेवायचा छोटा माईक, जो लॅपटॉपला नाहीतर मोबाईलला लावून आपली पोरं गेमचं स्ट्रीमिंग करतात, कोण मालवणी जेवणाचे व्हिडिओ करतं, कोण जाखडीची गाणी घरीच भरून मुंबईच्या मंडळींना पाठवतं. पाऊस लागला की बाहेरचं शूटिंग बंद होतं, घरात बसून आवाज भरायची कामं निघतात, आणि तेव्हाच सगळ्यात जास्त विचारणा होते की बजेट चार-पाच हजार आहे, कुठला घेऊ सांगा.

आता होतं काय, बहुतेक जण रिव्ह्यू बघून ठरवतात, आणि रिव्ह्यू करणारा बसलेला असतो शहरात, बंद खोलीत, भिंतीला फोम, एसी चालू, हवा कोरडी. आपल्याकडे जुलैत हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर जातो, डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, त्या हवेत तो माईक कसा वागेल हे त्या व्हिडिओत कुठेच नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मॉडेल नंतर बघा, आधी आपलं घर आणि आपली हवा बघा.

माईकच्या मुख्य जाती दोन, कंडेन्सर आणि डायनॅमिक. कंडेन्सरमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो, त्याच्या मागे एक घट्ट बसवलेली प्लेट, मध्ये बारीकशी फट, आणि दोघांवर विजेचा चार्ज. आपण बोललो की पडदा हलतो, फट कमीजास्त होते आणि त्यातून सिग्नल तयार होतो. १९१६ साली वेंटे नावाच्या इंजिनिअरने हा प्रकार काढला, पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये सेस्लर आणि वेस्ट या दोघांनी असा पडदा बनवला की ज्याच्यात चार्ज कायमचा राहतो, त्याला इलेक्ट्रेट म्हणतात, आणि त्यामुळेच हे माईक एवढे स्वस्त झाले. आज दोन-तीन हजारात मिळणारे यूएसबी कंडेन्सर बहुतेक याच जातीचे. आवाज छान देतात, स्वच्छ, चकचकीत, बारीकसारीक सगळं पकडतात. आणि आपली अडचण इथेच सुरू होते.

एक म्हणजे दमटपणा. त्या पडद्यातून निघणारा सिग्नल इतका नाजूक असतो की आत ओलीचा नुसता थर बसला तरी चार्ज गळायला लागतो. मग हेडफोन लावून ऐकलंत तर बोलणं चालू असताना मध्येच तडतड, फट फट असा आवाज येतो, कधी पाच मिनिटं काहीच नाही आणि मग एकदम सलग. लोकांना वाटतं केबल गेली, दुसरी केबल आणतात, पोर्ट बदलतात, लॅपटॉप फॉरमॅट करतात बिचारे, आणि मूळ कारण माईकच्या जाळीच्या आत असतं. असं झालं तर घाबरून फेकून देऊ नका, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर एक-दोन दिवस ठेवून बघा, बरेचदा सुधारतो. हेअर ड्रायर मात्र अजिबात मारू नका, पडदा जाईल.

दुसरं म्हणजे आपलं घर. जुनं घर असेल तर वर कौलं, मध्ये फटी, वाऱ्याला मोकळी वाट. नवीन असेल तर स्लॅब, गुळगुळीत लादी, चिऱ्याच्या भिंतींवर प्लास्टर, खोलीत सामान कमी, सगळं घुमतं. बाहेर पागोळ्या, शेजारच्या पत्र्याच्या शेडवर पावसाचा मारा, रात्री रातकिडे, समुद्र जवळ असेल तर गाज, आणि घरात पंखा, कारण पंख्याशिवाय बसवतच नाही. कंडेन्सर हे सगळं प्रामाणिकपणे पकडतो. टेबलावर दीड हात लांब ठेवून बोललात तर आपला आवाज बाटलीतून आल्यासारखा आणि पंखा मात्र स्पष्ट.

डायनॅमिकमध्ये पडद्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकात हलतं, बस. चार्ज नाही, त्यामुळे दमट हवेचा त्रास खूपच कमी. भजनात, नमनात, दशावतारात गायक हातात धरतात तो माईक बहुतेक याच जातीचा, त्यातला शुअरचा एसएम ५८ तर १९६६ पासून बाजारात आहे आणि अजून विकला जातो. याचा सिग्नल मंद असतो, तोंड जवळ न्यावं लागतं, आणि हाच आपला फायदा. तोंड जवळ म्हणजे आपला आवाज मोठा, गेन, म्हणजे माईकचा सिग्नल वाढवायचं बटण, कमी ठेवता येतो, गेन कमी म्हणजे पंखा आणि पाऊस मागे राहतो. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो हा साधा हिशोब आहे, तो कुठल्याही माईकला लागू. म्हणून चार बोटांच्या अंतरावर बोला, सरळ तोंडासमोर नको, जरा तिरका धरा, म्हणजे प आणि फ म्हणताना फुंकर आत जाणार नाही.

तर किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला मी सांगेन की यूएसबी डायनॅमिक घ्या. फिफाईनचा एएम८, माओनोचा पीडी२००एक्स, बजेट थोडं वाढवता आलं तर सॅमसनचा क्यू२यू, हे तिघेही डायनॅमिक आहेत आणि तिघांना यूएसबी पण आहे आणि एक्सएलआर (मिक्सरला लावायची तीन पिनांची जोडणी) पण, म्हणजे आज थेट लॅपटॉपला लावा, उद्या इंटरफेस (असा माईक लॅपटॉपला जोडायचा डबा) किंवा मिक्सर घेतलात तर तोच माईक तिकडे चालेल. तिघांनाही हेडफोनची जागा माईकलाच दिलेली आहे, त्यामुळे आपला आवाज आपल्याला लगेच, उशीर न होता ऐकू येतो. गाणाऱ्यांनी तर हे बघितल्याशिवाय माईक घेऊच नये, सूर सांभाळायला ते फार लागतं. किमती ऑफरप्रमाणे खालीवर होतात, गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधी बघून ठेवा.

एक सावधगिरी. बीएम-८०० या नावाने हजाराच्या आसपास एक सेट मिळतो, स्टँड, फोम, जाळी, सगळं बॉक्समध्ये, दिसायला एकदम स्टुडिओ. तो कंडेन्सर आहे, त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माईकला द्यायची वीज, लागते, आणि बरोबर येणारी केबल असते लॅपटॉपच्या छोट्या जॅकची, तिथून एवढी पॉवर मिळतच नाही. मग आवाज बारीक आणि खरखर मोठी. वेगळी पॉवर घ्यायची म्हटली की हजाराचा माईक अडीच हजाराचा होतो. त्यापेक्षा एवढेच पैसे असतील तर कॉलरला लावायचा बोया बीवाय-एम१ घ्या, मोबाईलला चालतो, तार सहा मीटर लांब आहे, होमस्टेवाल्यांना किंवा आजीकडून जुन्या ओव्या भरून घ्यायला अगदी पुरेसा. चारी बाजूंनी आवाज घेतो तो, त्यामुळे खिडकी-पंखा बंद करून बसायचं.

खोलीसाठी पैसे घालवू नका. फोमचे ते छोटे चौकोन आपल्या हवेत महिन्याभरात वास मारायला लागतात आणि घुमणं फारसं थांबवत पण नाहीत. माजघरात, जिथे गाद्यांची चळत असते, तिथे बसा, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाका, पायाखाली चटई, पत्र्याची बाजू माईकच्या पाठीमागे येईल असं तोंड करा, कारण हे माईक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतात. एवढ्याने जो फरक पडतो तो दुप्पट किमतीच्या माईकने पडत नाही, आणि खर्च शून्य.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी, स्ट्रीमिंगला ओबीएस, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. मोठ्याने बोललात तरी त्यातल्या आवाजाच्या मीटरचा काटा उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. ओबीएसमध्ये नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा आवाज दाबायची सोय, आहे, पंख्याला चालतं, पण गाण्याला लावू नका, पेटीचा आवाज खाऊन टाकतं ते.

सारखी घूंऽऽ अशी घरघर येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. गेली तर माईकचा दोष नाही, चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा असू शकतो, कातळावर घर असेल तर अर्थिंग नीट मिळणं कठीणच असतं, वायरमनला दाखवून घ्या, ते तसंही माणसांसाठी गरजेचं आहे. आणि मे महिन्यात, ऑक्टोबरमध्ये विजा चमकायला लागल्या की चार्जर सॉकेटमधून काढूनच ठेवा.

काम झालं की डायनॅमिक असला तरी डब्यात ठेवा, खारा वारा जाळीला आणि पिनांना गंज आणतो. सिलिका जेलचे रंग बदलणारे दाणे मिळतात, निळ्याचे गुलाबी झाले की ओल भरली समजायचं, तव्यावर मंद आचेवर, पण स्वयंपाकाचा तवा नको, गरम करून परत वापरता येतात.

आणि माईक घरी आला की पहिल्याच दिवशी तपासा. एक मिनिट काही न बोलता रेकॉर्ड करा, मग चार बोटांवरून बोला, मग एक हात लांबून, केबल थोडी हलवून बघा, आणि हे सगळं हेडफोनवर ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर खरखर कळत नाही. मोबाईलला लावणार असाल तर ओटीजी (मोबाईलला यूएसबी जोडायचा अडॅप्टर) लावून पण बघा. काही शंका आली तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत पाठवा, कुरिअर आपल्या गावात रोज येत नाही हे धरून दोन दिवस आधीच, आणि तोवर बॉक्स आणि बिल जपून ठेवा.