यंत्र तेच, नाव पाचवं

मित्रहो, आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० हे व्यवसायांसाठीचं संगणक-यंत्र जाहीर केलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरला ते घडलं. ज्यांना मोठा संगणक विभाग पोसणं परवडत नव्हतं, अशा कारखान्यांसाठी, वितरकांसाठी, विमा कंपन्यांसाठी. डेटाबेस आतच, सुरक्षा आतच, प्रोग्रॅम लिहायची साधनंही एकमेकांशी जुळवून दिलेली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, WRKACTJOB ही आज्ञा टाकली की चालू असलेलं प्रत्येक काम समोर, एफ-थ्री दाबलं की बाहेर. आजही त्या पडद्यासमोर बसणाऱ्यांची बोटं आपोआप त्या कळांवर जातात.

२००० मध्ये कंपनीने आपले सगळे सर्व्हर ‘ई-सर्व्हर’ या एका छत्राखाली आणले आणि एएस/४००चं आयसीरीज झालं. २००४ मध्ये आय-फाइव्ह. २००६ मध्ये सिस्टीम आय. २००८ च्या एप्रिलमध्ये आयबीएमच्याच सिस्टीम पी या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या सर्व्हरबरोबर एकत्र करून यंत्राला पॉवर सिस्टीम्स म्हटलं आणि आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला आयबीएम आय. आठ वर्षांत चार बारशी. लोक मात्र एएस/४००च म्हणत राहिले.

हा निव्वळ जुन्या माणसांचा हट्ट होता, असं म्हणणाऱ्यांनी १९९५ आठवावं. त्या वर्षी या यंत्राचा प्रोसेसरच बदलला. ४८ बिटांवरून ६४ बिटांच्या पॉवरपीसीवर उडी. या यंत्राचे मुख्य रचनाकार फ्रँक सॉल्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रॅम आणि हार्डवेअर यांच्यामध्ये आधीच एक थर ठेवला होता. त्यामुळे बहुतेक जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर आणले की यंत्रच त्यांचं नव्याने भाषांतर करून घेई. मूळ कोड हाती नसला तरी. म्हणजे पोटातलं सगळं बदललं तेव्हा नाव तसंच राहिलं, आणि लोकांनी त्या नावावर विश्वास टाकला: आज लिहिलेलं उद्या चालेल. २००० मध्ये असं काही उलथापालथ करणारं घडलं नव्हतं, तरी नाव गेलं. वापरकर्ते चिडले ते इथे.

याचा त्रास कोणाला झाला ते बघा. बजेटच्या बैठकीत विभागप्रमुख उभा राहतो. ‘एएस/४००’ म्हणाला की वरिष्ठ विचारतात, अजून ते जुनंच यंत्र? ‘सिस्टीम आय’ म्हणाला तर, हे काय असतं? कॉमन ही वापरकर्त्यांची संघटना १९६० पासूनची. तिथे जमणारे लोक वर्षानुवर्षं एकच सांगत आले: आम्हाला हे यंत्र आवडतं, पण आमच्या साहेबांनी त्याचं नाव कधी जाहिरातीत पाहिलेलंच नाही.

कंपनीची बाजू अगदी पोकळ नव्हती. २००८ नंतर हार्डवेअर खरोखरच एक झालं होतं. वापरकर्त्यांतही एक गट आहे, तो एएस/४०० म्हणणाऱ्याला लगेच टोकतो, कारण त्या नावाने कालचं यंत्र डोळ्यांसमोर येतं आणि तरुण मुलं फिरकत नाहीत. त्यांची काळजी मला मान्य आहे. पण उपाय म्हणून निवडलं काय, तर एकच अक्षर, ‘आय’. ते सर्चमध्ये टाकून काय सापडणार? पुण्या-मुंबईतल्या नोकरीच्या जाहिराती वाचा. एएस/४००, आयसीरीज, आयबीएम आय, सगळी नावं एका ओळीत दिलेली असतात. उमेदवार कोणत्या नावाने शोधेल याची देणाऱ्यालाच खात्री नसते.

२००८ पासून आयबीएम आय हे नाव टिकलं आहे; २०२२ मध्ये त्याची ७.५ आवृत्ती आली. माझी मागणी साधी आहे. या नावाला आता हात लावू नका, आणि पॉवरच्या जाहिरातीत ते तळटिपेत नको, मथळ्यात द्या.