जुना गेम, नवं इंजिन

[दृश्य: 'मोरोविंड'मधली संवादाची खिडकी. नुसता मजकूर, ओळींमागून ओळी.]

2002 साली आलेल्या 'मोरोविंड' या व्हिडिओ गेममध्ये पत्ता विचारला की माणसं खरोखर पत्ता सांगतात. पूल ओलांडा, नदी उजव्या हाताला ठेवा, पुढे दोन टेकड्यांच्या मधून वर चढा. नकाशावर बाण उमटत नाही. सांगितलेलं नीट वाचायचं आणि चालू लागायचं. चुकलात, तर राखेच्या वादळात बसा भटकत.

हाच गेम 2011 च्या 'स्कायरिम'च्या इंजिनवर, म्हणजे तो गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यावर, नव्याने उभा करायचं काही चाहत्यांनी मनावर घेतलं. प्रकल्पाचं नाव 'स्कायविंड'. काम सुरू होऊन दहा वर्षं कधीच उलटून गेली. पगार नाही, विक्री नाही. ज्याला जसा वेळ सापडेल, तसं तो करतो.

चित्रं चकाचक केली की झाला रिमेक, असं बाहेरून वाटतं. चित्रांचं काम अफाट आहेच, पण घाम निघतो तो भलतीकडेच. मोरोविंडमधले बहुतेक संवाद फक्त लिहिलेले आहेत. आवाज ऐकू येतो तो येता-जाता टाकलेल्या एखाद-दुसऱ्या वाक्यापुरता. त्यातही एकच उत्तर कितीतरी पात्रांमध्ये वाटून दिलेलं. ताजी खबर व्यापाऱ्याला विचारा नाहीतर पहारेकऱ्याला, पुष्कळदा मजकूर तोच. वाचताना हे खपून जातं. स्कायरिममध्ये मात्र जो तो तोंडाने बोलतो. मोरोविंडमध्ये खेळाडूला निवडता येणारे वंशच दहा, आणि प्रत्येकात बाई-पुरुष. म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एका वाक्याला वीस आवाज लागू शकतात. शिवाय डोळ्यांना सुरेख वाटणारा लांबलचक परिच्छेद कानाला जड होतो. मग तो छाटायचा? छाटताना पत्त्यातला पूलच गळाला, तर खेळणारा गेलाच कामातून.

[दृश्य: एक रिकामी खोली. जमिनीवर त्रिकोणांची जाळी पसरत जाते.]

दुसरा प्रकल्प 'स्कायब्लिव्हियन'. 2006 चा 'ओब्लिव्हियन', तोही स्कायरिमच्या इंजिनवर. दोन्ही गेम बेथेस्डा कंपनीचे, दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, म्हणजे माल इकडून उचलून तिकडे ठेवला की झालं?

ही खोली बघा. ओब्लिव्हियनमध्ये पात्रांनी कुठून चालायचं, हे जमिनीवरचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा ठरवतात. स्कायरिममध्ये रेषा नाहीत. तिथे जमिनीवर त्रिकोणांची अदृश्य जाळी अंथरावी लागते, तिला नेव्हमेश म्हणतात. जिथे त्रिकोण, तिथे पाय. एक टेबल हातभर सरकवलं तरी खालची जाळी पुन्हा विणायची. राहून गेलं, तर गावातला सरदार त्या टेबलावर डोकं आपटत उभा राहतो. आणि हे प्रत्येक खोलीत, प्रत्येक गुहेत, जंगलाच्या प्रत्येक तुकड्यात.

क्वेस्टच्या, म्हणजे गेममधल्या मोहिमांच्या, स्क्रिप्टचं (त्या चालवणाऱ्या आज्ञांचं) तेच. स्कायरिमची स्क्रिप्टची भाषा वेगळी, त्यामुळे जुनं तर्कशास्त्र नव्याने लिहिणं आलं. वर ओब्लिव्हियनमध्ये स्वतःचे मंत्र तयार करता येतात, ताकद-बुद्धी असे आठ मूळ गुण असतात, पात्राचा पेशा ठरवता येतो. स्कायरिमने हे सगळं काढून टाकलं होतं.

या मंडळींवर आणखी एक बंधन आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकाराला आकार देतं ते हेच. एका गेममधली मॉडेलं, त्यांच्यावर चढवलेली चित्रं म्हणजे टेक्श्चर उचलून दुसऱ्या गेमसाठी वाटता येत नाहीत. म्हणून तलवारीपासून किल्ल्यापर्यंत सगळं नव्याने घडवायचं, आणि खेळणाऱ्याकडे दोन्ही मूळ गेम विकत घेतलेले असायला हवेत. ही अट पाळूनही गोष्ट मालकाच्या मर्जीवरच असते. मोरोविंडच्या पीसी आवृत्तीसोबत बेथेस्डाने गेम घडवायचं साधनच देऊन टाकलं होतं, 2012 मध्ये स्कायरिमचंही दिलं. सगळे मालक असे नसतात. 'क्रोनो ट्रिगर'चे निवडक प्रसंग थ्रीडीत करणारा 'क्रोनो रेझरेक्शन' 2004 मध्ये मालक कंपनी स्क्वेअर एनिक्सच्या पत्रानंतर थांबला. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या 'स्टार वॉर्स' गेमचा 'एपायरॉन' नावाचा रिमेक 2018 मध्ये 'स्टार वॉर्स'च्या मालक लुकासफिल्मने बंद करायला लावला. आणि 1988 चा 'अल्टिमा फाइव्ह'? तो 'डंजन सीज'च्या इंजिनवर 'लाझारस' नावाने 2005 मध्ये पूर्ण होऊन लोकांच्या हातातही पडला. कौशल्य तिन्हीकडे होतं.

[दृश्य: एकच गुहा, दोन रूपांत. डावीकडे 'ओब्लिव्हियन रीमास्टर्ड', उजवीकडे 'स्कायब्लिव्हियन'.]

22 एप्रिल 2025 ला बेथेस्डाने स्वतःच 'ओब्लिव्हियन रीमास्टर्ड', म्हणजे त्याच गेमची नव्या रूपातली आवृत्ती, आणली, जाहीर केली त्याच दिवशी विक्रीला. स्कायब्लिव्हियनच्या चमूला त्यांनी तो गेम भेटही दिला. म्हणजे मालक रुसला नाही. पण इतक्या वर्षांच्या कामावर पाणी पडलं का?

मला तसं वाटत नाही. रीमास्टरमध्ये पडद्यावरची चित्रं उभी करतं ते अनरियल इंजिन 5, आणि आत गेम चालवतं ते जुनंच इंजिन. त्यामुळे मूळचे एकसारखे बोगदे, एकमेकांची नक्कल वाटणारे अवशेष जिथल्या तिथे आहेत, फक्त उजेड देखणा. चाहत्यांनी तिथेच हात घातला. गुहा नव्याने आखल्या, शहरांची ठेवण बदलली, दलदलीचा प्रदेश दलदलीसारखा केला. हे मूळ गेमशी इमानदार आहे का, यावर भांडता येईल, आणि भांडणारे भांडतातच. ओब्लिव्हियनचा तो काहीसा ओबडधोबड भोळेपणा यात हरवेल, ही भीती मलाही रास्त वाटते. कंपनी एवढा धोका सहसा पत्करत नाही.

स्कायब्लिव्हियन 2025 मध्ये यायचा होता, तो 2026 वर गेला. रीमास्टर घेऊन बसलेल्यांनी एक लक्षात ठेवायचं: तो इथे चालणार नाही. 2006 चा मूळ ओब्लिव्हियनच लागेल, आणि जोडीला स्कायरिमची स्पेशल एडिशन.