अंगकोरच्या देवता काय नेसतात?

कंबोडियातल्या अंगकोर वाट या देवळाच्या भिंतींवर दोन प्रकारच्या स्त्रिया आहेत. एक पाय उचलून नाचणाऱ्या त्या अप्सरा. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या नाचत नाहीत. दाराशेजारी, कोनाड्यात, कधी एकट्या तर कधी दोघीतिघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या असतात. अभ्यासक त्यांना देवता म्हणतात. एकट्या अंगकोर वाटमध्येच त्या सतराशेहून जास्त आहेत.

आपण जातो, चेहऱ्यांचे फोटो काढतो आणि पुढे सरकतो. माझं म्हणणं असं की चेहऱ्याआधी केस, कमरपट्टा आणि वस्त्र पाहा. घडवणाऱ्याचा जीव तिथे रमला आहे, आणि काळ कसा बदलत गेला हेही तिथेच कळतं.

आधी बान्तेय स्रेई. अंगकोर परिसरातलंच, इसवी सन ९६७ मधलं हे देऊळ यज्ञवराह या विद्वानानं बांधवलं. दगड गुलाबी, कोरायला सोयीचा. इथल्या देवतांचं वस्त्र साधं आहे, कमरेभोवती सैलसर गुंडाळून खाली सोडलेलं. खमेर, म्हणजे जुन्या कंबोडियाच्या, शिल्पांतले पुरुष वस्त्र पायांमधून मागे नेऊन खोचतात, ते पाहून आपल्याला धोतराचा कासोटा आठवतो. बायकांच्या नेसण्यात मात्र तो नाही. कुणाच्या केसांचा अंबाडा, कुणाची वेणी. आता कान पाहा. कर्णभूषणं इतकी जड की पाळी ओघळून खाली आली आहे. सोन्याचं वजन दगडात दाखवायचं कसं, याचं उत्तर त्या कारागिरानं दागिन्यात शोधलं नाही, ते त्यानं कानाच्या पाळीत शोधलं. मला हे फार मोठं वाटतं.

आता दीडेकशे वर्षं पुढे येऊ. राजा सूर्यवर्मन दुसरा, बाराव्या शतकाचा पूर्वार्ध, अंगकोर वाट. सगळा थाट बदललेला! वस्त्रावर बारीक फुलांची नक्षी आली आणि त्याची टोकं दोन्ही बाजूंना लांब, टोकदार होऊन बाहेर झेपावू लागली. कमरपट्ट्याला लोंबत्या पदकांची झालर. गळ्यात रुंद हार, दंडावर वाक्या, मनगटात कडी, पायांत तोडे. उरावर वस्त्र नाही. शरीर समोरून कोरलंय आणि दोन्ही पावलं मात्र एकाच बाजूला वळलेली. डोक्यावर कुठे तीन टोकांचा मुकुट, तर कुठे केसांचीच उंच, गुंतागुंतीची रचना.

या केशरचना आणि दागिने नीट वेगळे करून पाहायचं काम साफो मार्शल या फ्रेंच तरुणीनं केलं. तिचे वडील आंरी मार्शल अंगकोरच्या जतनाचं काम पाहत. भिंतींसमोर बसून तिनं मुकुट, वेण्या, हार, वस्त्रांच्या तऱ्हा एकेक करून रेखाटल्या आणि १९२७ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. तेव्हा ती जेमतेम विशीत होती. आजही त्या रेखाटनांवाचून या विषयात पाऊल टाकता येत नाही.

नक्षीदार कापडाला तिथे किती मान होता, हे झोउ दागुआन या चिनी माणसानं लिहून ठेवलंय. तो १२९६-९७ मध्ये राजधानीत राहिला, म्हणजे अंगकोर वाटनंतर बऱ्याच काळानं. संपूर्ण अंगभर फुलांची नक्षी असलेलं कापड फक्त राजाच वापरू शके, असं तो सांगतो. पश्चिम समुद्राकडून येणारं तलम कापड सर्वांत चांगलं मानलं जाई, हेही तोच नोंदवतो. ते भारताकडचं, असा अर्थ लावला जातो. अंगकोर वाटच्या दारांच्या चौकटींवर वर्तुळाकार नक्षीचे पट्टे आहेत, तेही कापडावरून घेतले असावेत असं अनेक अभ्यासकांना वाटतं. मलाही ते पटतं.

एक कळकळीची विनंती. प्रवाशांच्या हातांनी काही देवतांची अंगं काळी, गुळगुळीत झाली आहेत. वस्त्रावरची फुलं अगदी उथळ कोरलेली असतात, घासली की गेली. कृपा करून हात लावू नका.

हे दागिने खरे होते की शिल्पकारांची कल्पना? फेब्रुवारी २०२३ मध्ये लंडनहून ७७ सुवर्णालंकार कंबोडियाला परत मिळाले. त्यांत मुकुट, हार, कमरपट्टे होते. काहींची घडण भिंतींवरच्या दागिन्यांसारखीच आहे. लुटीचा माल, त्यामुळे कुठल्या मातीतून निघाला याची नोंद नाही. पण जुळता कमरपट्टा कुठल्या देवळातल्या देवतेच्या कमरेला आहे हे सापडलं, तर त्याचा काळ ठरवायला निदान एक धागा हाती येतो.