विमानांची सामायिक चित्रनोंद

श्रोतेहो, नमस्कार.

१७ डिसेंबर १९०३ रोजी सकाळी राईट बंधूंचे यंत्र रुळावरून सुटून हवेत गेले, बारा सेकंद हवेत राहिले आणि १२० फुटांवर वाळूत उतरले. त्या उड्डाणाचे जे छायाचित्र आज जगभर ओळखले जाते, ते टिपणारे जॉन डॅनियल्स हे छायाचित्रकार नव्हते. ते जवळच्या जीवरक्षक ठाण्यावर काम करणारे गृहस्थ होते. ऑरव्हिल राईट यांनी कॅमेरा आधीच तिकाटण्यावर रोखून ठेवला होता आणि ते स्वतः विमानाच्या खालच्या पंखावर पालथे झोपून यंत्र चालवणार असल्यामुळे शटरचा रबरी फुगा दाबण्याचे काम त्यांनी डॅनियल्स यांच्यावर सोपवले होते. म्हणजे मानवाच्या पहिल्या यांत्रिक उड्डाणाचे छायाचित्रच मुळात दोघांनी मिळून काढलेले आहे. त्यात केवळ विमान आणि त्याच्या बाजूने धावणारे विल्बर राईट एवढेच दिसत नाही. मागे पडलेला रूळ, पंख टेकवण्यासाठी ठेवलेले छोटेसे बाक, इंजिन सुरू करण्याच्या कॉइलची पेटी हे सारे त्या काचेच्या निगेटिव्हवर उमटलेले आहे. त्या सकाळी या वस्तूंचे कोणाला काही अप्रूप नसणार. पण उड्डाणाची तयारी कशी केली होती, हे तपासणाऱ्या अभ्यासकाला आज त्याच वस्तू हव्या असतात.

विमानांच्या वारशाविषयी आस्था असणारी माणसे ठिकठिकाणी एकत्र येऊन छायाचित्रांचा जो सामायिक उपक्रम चालवतात, त्याचे महत्त्व मला याच कारणासाठी वाटते. सूर्यास्ताच्या प्रकाशात वळण घेणाऱ्या जुन्या विमानाचे देखणे छायाचित्र कोणीही उत्साहाने काढतो आणि त्यांची वाण कधीच पडत नाही. वाण पडते ती कंटाळवाण्या छायाचित्रांची. चाकांच्या कप्प्याचा आतील भाग, दाराच्या कडेवरील सूचना, पोटाखाली बसवलेल्या झडपा, शेपटीजवळचे जोड यांची छायाचित्रे शोधू लागलो की हाती फारसे काही लागत नाही. एकट्या माणसाला ही कामे उरकत नाहीत आणि खरे सांगायचे तर एकट्याला त्यांत रसही वाटत नाही. दहा जणांनी वाटून घेतली की मात्र एकमेकांच्या भिडेने का होईना, ती पार पडतात.

कॉन्कॉर्डचे उदाहरण घेऊ. हे स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून वेगाने उडणारे, प्रवासी विमान एकूण २० च्या संख्येने बांधले गेले आणि त्यांपैकी १८ विमाने आज टिकून आहेत; पण ती ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका आणि बार्बाडोस अशी विखुरलेली आहेत. जर्मनीतील झिन्सहाइमच्या संग्रहालयात कॉन्कॉर्ड छतावर उड्डाणाच्या पवित्र्यात चढवलेले आहे, न्यूयॉर्कमध्ये ते नदीकाठी उघड्यावर उभे आहे, तर अन्यत्र ते बंदिस्त दालनात आहे. आता समजा, प्रत्येक ठिकाणच्या विमानप्रेमींनी नाकाचे छायाचित्र डोळ्यांच्या उंचीवरून, नेमके बाजूने आणि शक्यतो सारख्याच अंतरावरून काढायचे ठरवले. मग ब्रिटनमधील योव्हिलटन येथील दुसऱ्या नमुना-विमानाचे चित्र, डक्सफर्ड येथील उत्पादनपूर्व विमानाचे चित्र आणि प्रत्यक्ष प्रवासी सेवेतील एखाद्या विमानाचे चित्र शेजारीशेजारी ठेवता येते. वैमानिकासमोर वर-खाली होणारा जो पडदा असतो, त्यात नमुना-विमानावर अगदी छोट्या खिडक्या होत्या. पडदा वर केला की समोरचे फारच थोडे दिसे. पुढच्या विमानांत तो जवळजवळ सगळा काचेचा झाला. हा बदल शब्दांत सांगायला मला आता काही वाक्ये लागली. तीन चित्रे एका ओळीत पाहणाऱ्याला तो एका नजरेत कळतो. मात्र तिघांनी तीन निराळ्या कोनांतून, आपापल्या आवडीच्या लेन्सने चित्रे काढली असतील तर ही तुलनाच साधत नाही. म्हणून अशा उपक्रमात पहिला नियम कोन आणि उंची यांचा असावा. त्यानंतर प्रत्येकाने हवी तेवढी कलात्मकता दाखवावी.

दुसरी अट नोंदीची, आणि माझ्या मते छायाचित्राची निम्मी किंमत या नोंदीत असते. विमानाच्या अंगावर ठळक दिसणारी नोंदणीची अक्षरे ही कायमची नसतात. विमान दुसऱ्या देशात विकले गेले की अक्षरे बदलतात आणि मोकळी झालेली अक्षरे पुढे भलत्याच विमानाला मिळू शकतात. त्यातच संग्रहालये पुष्कळदा आपल्याकडील विमान एखाद्या अधिक प्रसिद्ध विमानाच्या रंगात आणि क्रमांकात रंगवतात. विमानाबरोबर जन्मभर राहतो तो कारखान्यात मिळालेला अनुक्रमांक. तो बहुधा दाराजवळच्या किंवा कॉकपिटमधल्या धातूच्या छोट्या पट्टीवर कोरलेला असतो. त्या पट्टीचे एक स्वच्छ छायाचित्र, तारीख, ठिकाण आणि अंगावर दिसणारा क्रमांक एवढे एकत्र नोंदवले, तर पन्नास वर्षांनंतरही ते चित्र पुराव्यासाठी उपयोगी पडेल. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे संगणकातील फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

जुन्या छायाचित्रांच्या बाबतीत तर नोंदीवाचून अर्थाचा अनर्थ होतो. पूर्वीची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला प्रतिसाद देत नसे. त्यामुळे तिच्यावर लाल रंग काळपट उमटे आणि निळा फिकट दिसे. ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाकार चिन्हात निळा रंग बाहेर आणि लाल मधोमध असतो, तर फ्रेंच चिन्हात नेमके याच्या उलट असते. अशा वेळी कृष्णधवल चित्रातील केवळ छटांवरून विमान कोणत्या देशाचे ते ठरवू पाहणारा माणूस चकतो. फिल्म कोणती होती याची नोंद असेल तर वाद तेथेच मिटतो. रंगीत पारदर्शिकांची, म्हणजे स्लाइडची, गोष्टही अशीच आहे. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या कोडाक्रोम फिल्मचे रंग अंधारात ठेवल्यास दीर्घकाळ टिकतात, तर तिच्या बरोबरीच्या काही फिल्म्सचे रंग उडून चित्रावर लालसर झाक चढते. ही झाक म्हणजे विमानाचा मूळ रंग असे धरून कोणी प्रतिकृती रंगवली तर दोष चित्रकाराचा म्हणता येणार नाही. पारदर्शिका स्कॅन करताना तिची पुठ्ठ्याची चौकटही स्कॅन करावी असा माझा आग्रह असतो, कारण विमानतळाचे नाव, महिना, कधी फिल्मचा प्रकार असा मजकूर त्या चौकटीवरच बारीक अक्षरांत लिहिलेला सापडतो.

प्रत्यक्ष छायाचित्रणातील खाचाखोचांविषयी थोडे बोलतो. प्रोपेलरचे विमान उडत असताना शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग इतका ठेवला की पाती थिजल्यासारखी दिसतात आणि विमान आकाशात टांगल्यासारखे वाटते. वेग एकशेपंचविसाव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही खाली आणून कॅमेरा विमानाबरोबर सरकवला तर पात्यांची चकती उमटते, मात्र हात सरावाचा लागतो. कॉकपिटच्या पारदर्शक छत्रीवरील चमक घालवण्यासाठी काही जण पोलरायझिंग फिल्टर लावतात आणि चित्र पाहिल्यावर चक्रावतात, कारण त्या प्लास्टिकवर इंद्रधनुषी पट्टे उमटलेले असतात. छत्री साच्यातून काढताना तिच्यात जे ताण राहून गेले, ते त्या फिल्टरमधून दृश्य झालेले असतात. नोंदीसाठी अशा वेळी फिल्टर काढावा. पण एक चित्र फिल्टर लावूनही घ्यायला हरकत नाही, कारण ते पट्टेदेखील त्या छत्रीविषयी काही सांगतात.

विमान दुरुस्तीसाठी उघडले जाते तेव्हा तर कॅमेरा जवळ असलाच पाहिजे. ‘मेम्फिस बेल’ हे दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमान दीर्घ जीर्णोद्धारानंतर मे २०१८ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या डेटन येथील संग्रहालयात लोकांसमोर आले. या कामात त्याचा रंग उतरवला गेला तेव्हा खालच्या धातूवर लोकांनी ओरखडून लिहिलेली नावे दिसली. युद्धकाळात ते विमान देशभर फिरवले गेले तेव्हा पाहायला आलेल्यांनी ती कोरली होती. नवा रंग चढला की असा पृष्ठभाग पुन्हा झाकला जातो आणि उरते ते मधल्या काळात टिपलेले चित्र.

परवानगीची बाब मी थोडक्यात सांगतो, पण ती हलकी नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथील हवाई तळावर विमानांच्या नोंदी घेणाऱ्या ब्रिटिश आणि डच हौशी मंडळींना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली, २००२ मध्ये त्यांना शिक्षा सुनावली गेली आणि अपिलात त्यांची सुटका होईपर्यंत अटकेला जवळजवळ वर्ष होत आले होते. तेव्हा लष्करी जागेत कार्यक्रमाचे निमंत्रण असले तरी कशाचे चित्र घ्यायचे आणि कशाचे नाही, हे तेथील अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्यावे.

चित्रे एकत्र जमू लागली की मतभेद सुरू होतात आणि ते बहुतेक दोनच गोष्टींवरून होतात. पहिली गोष्ट श्रेयाची. चित्र ज्याने काढले त्याचे नाव त्या चित्रासोबत राहील आणि इतरांना ते कोणत्या अटींवर वापरता येईल, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवले तर पुष्कळ कटुता टळते. दुसरी गोष्ट सफाईची. विमानासमोरचे कुंपण, मागे उभा असलेला ट्रक, पंखाखालचा तेलाचा डाग हे सारे संगणकावर पुसून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. प्रदर्शनात लावायच्या प्रतीत त्यांनी ते खुशाल पुसावे. सामायिक संग्रहात मात्र कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल तशीच्या तशी जायला हवी, कारण कोणते इंजिन तेल गाळत होते हे जाणून घ्यायला उद्या कोणी तरी त्या डागाकडेच पाहणार आहे. या मूळ फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. राईट बंधूंच्या काचेच्या निगेटिव्ह १९१३ च्या महापुरात डेटन येथे पाण्याखाली गेल्या होत्या आणि पहिल्या उड्डाणाच्या त्या निगेटिव्हचा एक कोपरा आज शाबूत नाही.

ज्या श्रोत्यांकडे घरातील कोणी काढलेली विमानांची जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी ती कोणा गटाकडे देण्यापूर्वी प्रत्येकाच्या मागे विमानतळ, अंदाजे वर्ष आणि चित्र काढणाऱ्याचे नाव लिहावे. कागदाच्या चित्रावर लिहिताना मऊ पेन्सिल वापरावी, कारण बॉलपेनने दाबून लिहिले की अक्षरे पुढच्या बाजूस उमटतात आणि शाई शेजारच्या चित्राला लागते. चकचकीत पाठीवर पेन्सिल उमटत नसेल तर मजकूर पाकिटावर लिहावा, आणि तो चित्र पाकिटात घालण्यापूर्वी लिहावा.

नमस्कार.